जिंजीच्या वाटेनं समुद्राकडे

बंगळूरजवळच्या आनेकलहून समुद्र गाठायचा तर दोन दिशा आहेत. पश्चिमेला मंगळूर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि वाटेत घाट. पूर्वेला पुदुच्चेरी, तीनशेच्या आतबाहेर. मेच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम किनाऱ्यावर आभाळ भरून यायला लागलेलं असतं, समुद्राचा रंग बदलतो, आणि १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी दोन महिने बंद होते. पूर्व किनाऱ्याचं सगळंच वेगळं. नैर्ऋत्येचा पाऊस सह्याद्री ओलांडून तिथवर पोचेतो रिता झालेला असतो. पुदुच्चेरीचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. त्यामुळे मेअखेर तिथे निव्वळ ऊन. तमिळ पंचांगात या दिवसांना अग्नि नक्षत्र म्हणतात. चंदापूर आणि इलेक्ट्रॉनिक सिटी भागातली आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं पाँडीला जातात ती डिसेंबर-जानेवारीत. आम्ही मुद्दाम मेअखेर गेलो, कारण आईला त्याच दिवसांत जायचं होतं.

आई साताऱ्याहून उन्हाळ्यासाठी माझ्याकडे आली होती. हायस्कूलमध्ये तिनं वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. ‘दक्षिण दिग्विजय’ हा धडा तिनं कितीदा घेतला असेल, पण त्यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. उन्हाचं कारण मी पुढे केलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, महाराज तिथे मे महिन्यातच पोचले होते. घोड्यावरून. तुझ्या गाडीला तर थंड हवा आहे.”

तिचं म्हणणं खरं होतं. १६७७ च्या सुरुवातीला शिवाजी महाराज भागानगरला गेले, कुतुबशहाशी तह केला आणि तिथून दक्षिणेला वळले. मे महिन्यात जिंजी ताब्यात आली. मेअखेर वेल्लोरला वेढा पडला. जूनच्या शेवटी तिरुवाडीजवळ विजापूरकरांचा सरदार शेरखान लोदी हरला. म्हणजे ही सगळी मोहीम कोरोमंडलच्या ऐन वैशाख-ज्येष्ठातली. डिसेंबरच्या गार वाऱ्यात तो मुलूख पाहून तिचा अंदाज येत नाही, हे मला तिथे गेल्यावर पटलं.

गाडी आनेकलचीच, चालकही. घरी कन्नड बोलणारे, तमिळ तितकंच सफाईदार. होसूरची वेस ओलांडली की त्यांची भाषा आपोआप बदलायची. अत्तिबेलेला कर्नाटक संपतं. इथपर्यंतचा आमचा भाग समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून मेमध्येही संध्याकाळी खिडकी उघडी ठेवता येते. पुढचा सगळा प्रवास ही उंची हळूहळू गमावण्याचा.

होसूरजवळ थोडी वाकडी वाट करून आम्ही केलवरपल्ली धरणाकडे गेलो. हा माझा हट्ट होता. नंदी टेकड्यांतून निघालेली दक्षिण पिनाकिनी होस्कोटेवरून, आनेकल तालुक्याच्या सर्जापूर भागाजवळून तमिळनाडूत शिरते आणि तिथे तिला पोन्नैयार म्हणतात. बंगळूरच्या बेळ्ळंदूर आणि वर्तूर तळ्यांचं सांडपाणीही तिलाच मिळतं. केलवरपल्लीच्या दरवाज्यांखाली पांढऱ्या फेसाचे ढीग साचल्याची छायाचित्रं दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी कमी होतं, फेसही थोडाच, काठाला चिकटलेला. वास मात्र पुरेसा होता. आमच्या वसाहतीत भांडी घासून, कपडे धुऊन जे पाणी मोरीतून जातं, ते कुठे जातं हे पाहायचं असेल तर या धरणावर यावं. हीच नदी कृष्णगिरी आणि सातनूर ही धरणं पार करून कडलूरजवळ समुद्राला मिळते. ती जिथे संपते तिथवर जायचं, हे मी तिथेच ठरवलं.

कृष्णगिरीपासून रस्त्याकडेला आंब्यांचे ढीग सुरू झाले. हा तोतापुरीचा मुलूख. मे-जूनमध्ये गर काढण्याच्या कारखान्यांकडे ट्रकच्या रांगा लागतात. उत्तंगरै, चेंगम, मग तिरुवण्णामलैचा अरुणाचल डोंगर. ऊन चढत गेलं तशी शेतांत माणसं दिसेनाशी झाली. ताडाची झाडं मात्र वाढत गेली आणि प्रत्येक फाट्यावर ताडगोळे सोलणारं कोणी ना कोणी बसलेलं होतं. ताडाच्याच पानाच्या द्रोणात आम्ही ते खाल्ले. आईनं वरचं तुरट साल न काढता खाल्ले; विकणाऱ्या बाईंनी मान डोलावून पसंती दिली.

याच बाजूनं, थोड्या उत्तरेकडून, १६८९ मध्ये राजाराम महाराज गेले. संभाजी महाराजांचा वध झालेला, रायगड मोगलांच्या वेढ्यात. पन्हाळ्यावरून निघून वेष पालटत, यात्रेकरू म्हणून ते दक्षिणेला आले. बंगळुरात एका मुक्कामी नोकरानं त्यांचे पाय धुतले आणि पाहणाऱ्यांना संशय आला, की यात्रेकरूंच्या टोळीत पाय धुऊन घेणारा हा कोण? मंडळी लगेच पांगली. राजाराम महाराज पुढे निसटले आणि खंडो बल्लाळ मागे राहिले. पकडले गेले, मारहाण सोसली, पण तोंड उघडलं नाही. तेव्हाचं बंगळूर मराठ्यांचं राहिलेलं नव्हतं. शहाजीराजांची ही जहागीर एकोजींनी १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं होतं. आई हे सगळं गाडीत चालकांना हिंदीत सांगत होती. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, “तो पाय धुणारा कोण होता?” आईला त्याचं नाव माहीत नव्हतं. ती बराच वेळ त्यावर विचार करत राहिली.

जिंजी लांबूनच कळते. जमिनीतून उठलेल्या अवाढव्य धोंड्यांच्या टेकड्या, आणि त्या धोंड्यांच्या मधूनमधून तटाची रेघ. आमच्या जिगणीच्या कारखान्यांत जो दगड कापून तकतकीत फरशा होतात, त्याच जातीचा हा काळा-करडा ग्रॅनाइट, इथे न कापलेला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या, आणि त्यांना जोडणाऱ्या भिंतींनी साधलेला एक प्रचंड त्रिकोण. तिरुवण्णामलै-तिंडिवनम रस्ता या किल्ल्याच्या पोटातूनच जातो. सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या डोळ्यांना आधी काही सुचत नाही. तिथे डोंगराचा कडाच तट असतो. इथे सपाट मैदान आहे, त्यामुळे माणसानं भिंतीच भिंती उभ्या केल्या आहेत. जिंजी हाती आल्यावर महाराजांनी जुने तट पाडून नवे बांधले, खंदक खणले. त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत या कामाबद्दल आश्चर्य व्यक्त केलेलं आहे. एवढ्या दूर, स्वराज्याला न जोडलेल्या मुलखात, आपल्या हयातीत कदाचित कामी येणारही नाही अशा किल्ल्यावर एवढा खर्च करायचा, यामागे केवढा दूरचा विचार असेल! बारा वर्षांनी त्यांच्या धाकट्या मुलाला आसरा मिळाला तो इथेच.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून युनेस्कोनं जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. पण उन्हाच्या त्या दुपारी किल्ल्यात आमच्याखेरीज मोजकी माणसं होती. राजगिरीचा माथा पायथ्यापासून दोनशे मीटरहून उंच. आईला तिथवर नेणं शक्य नव्हतं आणि तिनं तसा आग्रहही धरला नाही. आम्ही खालच्या किल्ल्यात फिरलो. कल्याण महालाचा मजल्यावर मजले चढवलेला मनोरा, धान्याची कोठारं, पागा, तलाव. कोठारांच्या भिंती इतक्या जाड, की आत गेल्यावर लगेच गार वाटलं. आई तिथेच दगडावर बसली.

“आठ वर्षं,” ती म्हणाली. “पोरांना मी हे एका वाक्यात सांगायचे. जुल्फिकारखानानं जिंजीला वेढा घातला व तो आठ वर्षे चालला. पुढचा प्रश्न.”

त्या आठ वर्षांत याच मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगलांची रसद तोडत होते. प्रल्हाद निराजी इथून कारभार हाकत होते आणि तिकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य गड राखत होते. मराठ्यांची राजधानी त्या काळात इथे, तमिळ मुलखात होती. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज आधीच बाहेर पडले होते. आठ वर्षं म्हणजे आठ उन्हाळे, या दगडांत. जानेवारीतल्या सहलीत हा हिशेब मनात येत नाही.

खालच्या किल्ल्यात वेंकटरमणाचं देऊळ आहे. देऊळ मोठं, पण त्याचे काही उंच, एकसंध कोरीव खांब तिथे नाहीत. फ्रेंचांनी १७५० मध्ये जिंजी घेतली आणि अकरा वर्षं ठेवली. त्या काळात ते खांब पुदुच्चेरीला गेले. ते कुठे आहेत हे मला माहीत होतं. आईला सांगितलं नाही.

तिंडिवनमवरून पुदुच्चेरीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. गाडीचं दार उघडल्याबरोबर जे अंगावर आलं ते ऊन नव्हतं, दमट वाफ होती. पठारावर उन्हाचा चटका बसतो आणि सावलीत तो संपतो. इथे सावलीतही सुटका नाही. पण थोड्याच वेळात वारा आला. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत सरकते. हा खारा वारा दुपारच्या सुमारास किनाऱ्यावर येतो आणि हळूहळू आतल्या गल्ल्यांत पोचतो. समुद्रालगतच्या पिवळ्या-पांढऱ्या फ्रेंच घरांच्या रांगांना तो आधी मिळतो, कालव्यापलीकडच्या तमिळ वस्तीला नंतर. अठराव्या शतकात कोण कुठे राहायचं हे ठरवताना या वाऱ्याचाही विचार झाला असणार, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

संध्याकाळी सहानंतर समुद्राकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि सगळं शहर तिथे चालायला येतं. मेमध्ये बाहेरचे लोक कमी, त्यामुळे ही गर्दी गावातल्या माणसांची होती: मुलांना घेऊन आलेल्या आज्या, शाळेला सुटी लागलेली पोरं, भाजलेले शेंगदाणे, लिंबू पिळलेली कैरी. मधोमध गांधीजींचा पुतळा आणि त्याच्याभोवती आठ उंच काळे खांब. आई पुतळ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, “खांबांकडे बघ. दुपारी देवळात जे नव्हते ते हे.”

तिनं जवळ जाऊन एका खांबावर हात ठेवला. खांब अजून दिवसाच्या उन्हानं गरम होता. फ्रेंचांच्या काळात हे खांब गव्हर्नर डुप्लेच्या पुतळ्याभोवती होते. आता डुप्लेचा पुतळा किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला उभा आहे आणि खांब गांधीजींना मिळाले. “इथे एक पाटी हवी,” आई म्हणाली. मलाही तसंच वाटतं. चार ओळींची पाटी, तमिळ, फ्रेंच, इंग्रजी आणि मराठीत. रोज या खांबांना टेकून हजारो लोक बसतात.

पुदुच्चेरीला आपण फ्रेंचांचं गाव म्हणतो. पण फ्रेंच इथे टिकले ते मराठ्यांशी बोलून, मागून, वाटाघाटी करून. फ्रान्स्वा मार्तांनं १६७४ मध्ये इथे वखार मांडली ती शेरखान लोदीच्या आश्रयानं. तीन वर्षांनी शेरखान हरला तेव्हा मार्तांसमोर प्रश्न उभा राहिला. त्यानं महाराजांच्या छावणीत वकील पाठवला. शत्रूला मदत करू नका, आमच्या अंमलदाराचं ऐका, मग राहा, असा निरोप आला आणि फ्रेंच राहिले. छावणी पाहून आलेल्या जेर्मां नावाच्या दूतानं सांगितलेलं वर्णन मार्तांच्या आठवणींत आहे: थाट नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही, साध्या जाड कापडाचे दोनच तंबू, एक महाराजांचा आणि एक मंत्र्याचा. सतराव्या शतकातल्या हिंदुस्थानी छावण्या पाहिलेल्या माणसाला हे नोंदवावंसं वाटलं. आणि ते दोन तंबू याच मुलखात उभे होते. मार्तांच्या नावाचा रस्ता गावात आहे. पुढच्या काळातला गव्हर्नर दुमास, त्याच्या नावाचाही आहे. मराठ्यांची आठवण सांगणारं काही आम्हाला तरी फिरताना दिसलं नाही.

दुमास १७४१ मध्ये इथला गव्हर्नर होता, तेव्हा नागपूरकर रघुजी भोसल्यांनी तिरुचिरापल्ली घेतली होती आणि पुदुच्चेरीकडे खंडणी मागितली होती. दुमासनं नकार दिला. जुन्या इतिहासग्रंथांत पुढची हकिकत येते ती अशी, की रघुजींच्या वकिलाबरोबर गेलेल्या फ्रेंच मद्याच्या काही बाटल्या रघुजींच्या पत्नीला फार आवडल्या आणि आणखी बाटल्या मिळवण्याच्या बोलीवर खंडणीचा विषय मागे पडला. तिची सत्यता कोणी कशी तपासणार? पण तटाची मजबुती पाहून मराठे फिरले यापेक्षा बायका-मुलांच्या सभेत ही गोष्ट जास्त रंगते, हे आईनं हॉटेलातल्या जेवणाच्या टेबलावर सिद्ध केलं.

सकाळचा समुद्र पाहून घ्यावा तो सूर्य उगवतानाच. कोकणचाच समुद्र पाहिलेल्या माणसाला सूर्य पाण्यातून वर येताना पाहायची सवय नसते. आई ते पाहून अगदी गप्प झाली. काठावर वाळू थोडीशीच आहे. दक्षिणेला एकोणीसशे ऐंशीच्या दशकात बंदराचे बांध घातले गेले आणि किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू तिथे अडली. उत्तरेचा किनारा खंगत गेला आणि दगडांचे ढीग टाकून रस्ता वाचवावा लागला. अलीकडे पाण्याखाली बांध घालून थोडी वाळू परत आणली आहे. पोरं तिच्यावर खेळत होती.

कडलूरला जाताना मासेमारी बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. लाकूड तासणं, रंग, इंजिनांची दुरुस्ती, जाळी विणणं, हे सगळं याच दिवसांत उरकतात. छोट्या फायबरच्या होड्या तेवढ्या जातात, म्हणून बाजारात मासळी थोडी आणि महाग. एका बोटीच्या सावलीत जाळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना चालकांनी आमच्याबद्दल सांगितलं. तिकडे मुंबईच्या बाजूला कधी बंद, त्यांनी विचारलं. जूनपासून, मी म्हटलं. म्हणजे आमची उघडली की तुमची बंद, ते म्हणाले आणि हातातलं काम थांबवून त्यांनी आईला बसायला प्लास्टिकची पेटी दिली.

कडलूरच्या देवनामपट्टिणम किनाऱ्यालगत सेंट डेव्हिड किल्ल्याचे अवशेष आहेत. पाहण्यासारखं फार नाही. १७५८ मध्ये फ्रेंचांनी तो उद्ध्वस्त केला. पण त्याच्या विक्रीची गोष्ट पाहण्यापेक्षा मोठी आहे. १६९० मध्ये जिंजीच्या राजाराम महाराजांच्या दरबाराला पैशांची गरज होती आणि इंग्रजांना किनाऱ्यावर आणखी एक जागा हवी होती. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल, ज्याच्या नावाचं विद्यापीठ अमेरिकेत आहे. सौदा असा ठरला, की किल्ला, आणि किल्ल्यावरून तोफेचा गोळा जाईल तेवढा भोवतालचा मुलूख. इंग्रजांनी आपली चांगली तोफ चालवली. गोळ्यांच्या टप्प्यात आलेली गावं कंपनीची झाली आणि त्यांना ‘गुंडु ग्रामम’, गोळ्याची गावं, असं नाव पडलं. आई तिथे बराच वेळ बोलत होती. वेढ्यात अडकलेल्या राजाला घोड्यांचे, सैनिकांचे पगार भागवायचे होते, हे तिला कळत होतं. तरी त्या गोळ्याबरोबर जे हातातून गेलं त्याचं दुःख तिला आज झालं, आणि मलाही. सुनामीत, २६ डिसेंबर २००४ ला, याच देवनामपट्टिणमची वस्ती वाहून गेली होती. आज तिथे पक्की घरं आहेत.

पोन्नैयार कडलूरच्या उत्तरेला समुद्राला मिळते. मेअखेर तिच्यात पाणी कसलं? रुंद वाळूचं पात्र, मधे एक हिरवट ओघळ, तोंडाशी समुद्रानं लोटलेला वाळूचा बांध. बंगळूरचं पाणी वाटेतल्या धरणांत आणि शेतांत अडलं होतं. फेस नव्हता. पावसाळ्यात धरणांचे दरवाजे उघडतील तेव्हा आमच्या मोरीतलं काय काय इथवर येईल, ते या वाळूत उभं राहून मला स्पष्ट दिसलं. आमच्या वसाहतीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची पुढची बैठक कधी आहे, हे मी तिथूनच फोन करून विचारलं.

परतीला पनरुट्टीची वाट धरली. पनरुट्टी फणसांचं गाव, काजूचंही. मे-जून ऐन हंगाम, रस्त्याच्या दोन्ही कडांना फणसांच्या राशी, काही फणस मुलाच्या उंचीचे. गावाला लागूनच तिरुवदिगै आहे, मराठी कागदांतली तिरुवाडी, जिथे शेरखानाचा पराभव झाला. आता गडिलम नदीकाठचं शिवाचं प्राचीन देऊळ, फणसबागा, शाळा, वर्दळ. देवळाच्या दारातल्या फुलवाल्या बाईंना आईनं हातवारे करून विचारलं, इथे लढाई झाली होती का? त्यांनी चालकांकडे पाहिलं, चालकांनी तमिळमध्ये समजावलं. बाई म्हणाल्या, आमच्या देवानं इथे तीन पुरं जाळली ती लढाई का? आईनं ती कथाही पूर्ण ऐकून घेतली, मग आपली सांगितली. भाषांतर करता करता चालक दोन्हीकडचं मधे मधे वाढवत होते असा मला दाट संशय आहे. फणस घेताना भाव मात्र त्यांनी पाडून दिला. डिकीत दोन बसले, तिसरा आईच्या पायाशी, आणि वाटेत सातनूर धरण पाहून जायचं की थेट होसूर गाठायचं यावर विळुपुरमपर्यंत आमची चर्चा चालली होती.